पवईत माझा प्रवेश

पवईच्या आयआयटीत मला घालण्याचा पहिला प्रयत्न मी बारावीत असताना झाला. तो माझा नव्हता, वडिलांचा होता. कचेरीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं ते प्रवेशपरीक्षेचा अर्ज घेऊन आले, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'हा जपून ठेव.' वडिलांच्या शब्दाबाहेर मी कधीच नव्हतो. तो अर्ज मी कपाटात, आईच्या शालूच्या घडीत, इतका जपून ठेवला की शेवटची तारीख उलटून गेल्यावर दिवाळीच्या साफसफाईत तो कोराकरकरीत सापडला, डांबरगोळीचा वास काय तो लागला होता. वडील काही बोलले नाहीत. तोवर त्यांनी माझे गणिताचे मार्क पाहिले होते.

पुढं मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, लोकांच्या पैशांच्या बेरजा करून निवृत्त झालो आणि एवढ्या आयुष्यात माझ्या असं लक्षात आलं की आपल्याकडे आयआयटीत गेलेली माणसं थोडी, पण आयआयटीवर बोलणारी माणसं घरटी चार. लग्नाच्या पंगतीत शेजारचा सांगतो, 'तो पलीकडे बसलाय ना, निळ्या शर्टातला, आयआयटी हं!' त्या 'हं'च्या पुढं काही नसतं. तो निळा शर्ट तिथं काय शिकला, त्याला ते आवडलं का, आता काय करतो, यातलं काही कुणी विचारत नाही. रँक विचारतात. मीही विचारतो. मला रँकमधलं काही कळत नाही, पण आकडा ऐकून 'वा!' म्हणायचं की 'अरे वा!' म्हणायचं एवढं मी शिकून घेतलं आहे.

आता आमच्या घराण्यात हुशारी अजिबातच नाही असं नाही. ती ताईच्या वाटणीला गेली आणि तिथून तिच्या मुलीकडे. ही माझी भाची पवईला पीएचडी करते. नदीतला गाळ कसा वाहतो, कुठं बसतो, धरणात किती साठतो, असा तिचा विषय आहे. ताईला इतकं सगळं सांगत बसायला सवड नसते, त्यामुळं कुणी चौकशी केली की ती म्हणते, 'आमची पोरगी गाळात आहे,' आणि ऐकणारा हळहळतो.

तर या भाचीच्या भांडवलावर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला गाठलं. गणपतीची स्मरणिका निघायची होती आणि त्यांना 'आयआयटी मुंबई : एक ओळख' असा, मुलांना मार्गदर्शन होईल असा, दोन-तीन पानांचा लेख हवा होता. माझ्या लेखणीवर त्यांचा विश्वास आहे म्हणावं, तर आदल्या वर्षी मी 'पाणी जपून वापरा' हा लेख लिहीत बसलो असताना गच्चीवरची टाकी तासभर वाहत होती आणि तो कॉक मीच उघडा ठेवला होता, हे त्यांना ठाऊक आहे. पण दुसऱ्या कुणाची भाची तिथं नव्हती.

'जाताय तर नीट कपडे घालून जा,' आमची ही म्हणाली. 'तिथं सगळी हुशार माणसं. तुम्ही निदान दिसा तरी.' म्हणून मी खादीचा झब्बा घातला, चष्म्याला दोरी लावली, खिशाला दोन पेनं अडकवली, बँकेची जुनी डायरी काखेत मारली आणि ताईनं भाचीसाठी दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा पिशवीत घेऊन डोंबिवलीहून निघालो. फास्ट लोकल मिळाली म्हणून मी स्वतःवर खूश होतो. ती कांजूरमार्गला थांबत नाही हे कांजूरमार्ग मागे पडताना कळलं. घाटकोपरहून स्लो पकडून उलटा आलो.

मुख्य दरवाजाशी मात्र माझं काम चटकन झालं. कुणाकडे जायचंय ते सांगितलं, ओळखपत्र दाखवलं, वहीत सही केली आणि हातात पास पडला. ज्या प्रवेशासाठी पोरं कोट्याला जाऊन वर्षांमागून वर्षं घासतात, तो मला सही करून मिळाला. संध्याकाळपर्यंतचाच होता, पण मिळाला.

आवारात फिरणाऱ्या बसला तिथं टमटम म्हणतात. टमटममध्ये भाचीनं मला स्मरणिकेपुरता इतिहास सांगितला आणि मी तो हलत्या अक्षरात उतरवून घेतला. आयआयटी सुरू झाली १९५८ साली, पण पवईत नव्हे, वरळीला एका तात्पुरत्या इमारतीत. पहिली तुकडी शंभर जणांची होती आणि त्या शंभर जागांसाठी चौतीसशेहून जास्त अर्ज आले होते. यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियातून आले. पवईची कोनशिला १० मार्च १९५९ला पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. बँकेची सवय जात नाही, म्हणून मी लगेच भागाकार केला. एका जागेमागे चौतीस जण. एक इंजिनिअर झाला, त्याचं नाव कुठं ना कुठं लागलं असेल. उरलेल्या तेहतिसांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. मला त्यांच्याविषयी फार आपुलकी वाटते.

आता तर तो भागाकार माझ्या आवाक्याबाहेर गेला आहे. दरवर्षी दहा लाखांहून अधिक मुलं जेईई मेन देतात, त्यातल्या वरच्या अडीच लाखांना जेईई अॅडव्हान्स्डला बसता येतं, आणि देशातल्या २३ आयआयटी मिळून बी.टेक.च्या वगैरे जागा अठरा हजारांच्या आसपास. पवईच्या कॉम्प्युटर सायन्समधल्या खुल्या गटाच्या बहुतेक जागा तर देशातल्या पहिल्या शंभर क्रमांकांच्या आतच संपतात. हे मी डायरीत चौकट करून लिहिलं. सेक्रेटरींना चौकटी आवडतात.

आवार साडेपाचशे एकरांच्या घरात आहे. मागं टेकड्या, पलीकडे विहार तलाव आणि राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, त्यामुळं अधूनमधून बिबट्या चक्कर टाकतो. पुढच्या अंगाला पवई तलाव आहे आणि त्यात मगरी आहेत. हा तलाव इंग्रजांनी १८९१ साली मुंबईला पाणी द्यायला बांधला, पण त्याचं पाणी पिण्यालायक निघालं नाही. परीक्षेत नापास होऊनही आयआयटीला चिकटून राहिलेलं असं कुणीतरी तिथं आहे, हे ऐकून मला जरा धीर आला.

'मामा, मला गाईडना दहा मिनिटं भेटायचंय,' मध्येच उतरत भाची म्हणाली. 'तू लायब्ररीपाशी उतर, मी आलेच.' मी लायब्ररी ओळखायची कशी याचा विचार करत बसलो. मला वाटलं, पुस्तकं दिसतील. पुस्तकं दिसली नाहीत, वसतिगृहं दिसली, क्रीडांगण दिसलं, पुन्हा मुख्य दरवाजा दिसला, मग ओळखीचं एक झाड दिसलं, तेव्हा शंका आली. एवढ्यात दोन मुलांनी मला 'सर' म्हणून जागा दिली, मी तर आधीच बसलेला होतो, पण मान देणाऱ्याला नाही म्हणू नये म्हणून त्या जागेवर जाऊन बसलो. ड्रायव्हर आरशातून बघत होता. 'बसा काका,' तो म्हणाला, 'अजून एक राउंड मारू.'

शेवटी भाचीनंच मला टमटममधून उतरवून घेतलं आणि कॅन्टीनमध्ये नेलं. तिथं तिच्या ओळखीची मुलं होती. या मुलांचं सगळं जग म्हणजे वसतिगृह, आणि वसतिगृहांना नावं नसून नंबर असतात, नंबराचा अभिमान मात्र आपल्या आडनावाहून कडक. एका मजल्यावरच्या खोल्यांच्या रांगेला विंग म्हणतात. पहिल्या वर्षी ज्यांच्यासोबत विंग मिळाली ते जन्माचे सोबती. रात्री दोन वाजता डोसा खाणं, दिवसा झोपणं, डिसेंबरातल्या मूड इंडिगो आणि टेकफेस्ट या महोत्सवांसाठी महिनोन्महिने राबणं, आणि त्याच डिसेंबरच्या पहिल्या तारखेला शेवटच्या वर्षाच्या मुलांनी इस्त्रीचा शर्ट घालून नोकरीच्या मुलाखतींना उभं राहणं. मूड इंडिगो १९७१पासून चालू आहे, म्हणजे तिथं पहिल्यांदा नाचलेली मंडळी आता गुडघ्याला पट्टा बांधत असतील.

मी सवयीनं पहिल्याच मुलाला विचारलं, 'तुझी रँक किती होती रे?' टेबलावर शांतता पसरली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं, मोठ्यानं.

'मामा,' भाची दातांतल्या दातांत म्हणाली, 'इथं रँक विचारत नाहीत. ती गेटबाहेर ठेवून यायची असते.'

यामागचं कारण एका पहिल्या वर्षाच्या पोरानं समजावलं. लातूरकडचा होता, त्यांच्या भाषेत 'फ्रेशी'. तिथं बऱ्याच विषयांत मार्क तुम्हाला किती पडले यावर ग्रेड ठरत नाही, इतरांच्या मानानं किती पडले यावर ठरते. एए म्हणजे दहा, एबी म्हणजे नऊ, असं करत डीडीपर्यंत उतरायचं, त्याखाली नापास. आता वर्गात बसलेला प्रत्येक जण आपापल्या जिल्ह्यात पहिला आलेला. सगळेच पहिले, म्हणून कुणाला तरी शेवटचं यावं लागतं. दुसऱ्याची ग्रेड पाडण्याच्या उद्योगाला तिथं 'आरजी मारणं' म्हणतात, आणि त्याची सगळ्यात सौम्य पद्धत म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री विंगभर 'मी काहीच वाचलं नाही यार' असं सांगत फिरायचं आणि मग दार लावून पहाटेपर्यंत वाचायचं. बँकेत प्रमोशनच्या परीक्षेला माझे सहकारी हेच करत. मीही सगळ्यांना तेच सांगितलं होतं. फरक इतकाच की माझं खरं होतं.

'आणि काका,' तो लातूरचा पोरगा खाली मान घालून म्हणाला, 'पहिल्या सेमिस्टरलाच सीपीआय साडेसहावर आलाय.'

आता मी बँकेतला माणूस. सीपीआय म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक, तो वर गेला की महागाई वाढते, आणि आमचा महागाई भत्ता त्यावरच ठरतो, हे मला झोपेतही येतं. साडेसहा हा आकडा जरा लहान वाटला, पण खाली आला ना!

'अभिनंदन!' मी त्याच्या पाठीवर थाप मारली. 'अजून खाली यायला हवा. चारपर्यंत आला तर सामान्य माणसाला केवढा दिलासा!'

पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. सीपीआय म्हणजे त्यांच्याकडे सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी, दहापैकी, हे भाचीनं मला चहा संपता संपता सांगितलं. तोवर त्या पोराला हसू फुटलं होतं. त्याच्या गावात त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स अजून चौकात लटकतो आहे, सुट्टीत घरी जाताना तो मागच्या गल्लीनं जातो, हे त्यानं नंतर सांगितलं. पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या ग्रेडबद्दल थाप मारून अभिनंदन केलं होतं म्हणे.

'मामा, लेखात एक गोष्ट नक्की लिही,' भाची म्हणाली. 'इथं निम्म्याहून जास्त मुलं आमच्यासारखी आहेत, एम.टेक., एम.एससी., पीएचडीची. पेपरात फक्त बी.टेक.वाल्यांचं पॅकेज येतं. लोकांना वाटतं, ही इंजिनिअर बनवायची फॅक्टरी आहे. इथं मुख्य काम संशोधनाचं चालतं.' मी ते लिहून घेतलं. चौकट केली नाही, जागा उरली नव्हती.

पण तिचं म्हणणं मला पटवून द्यायला तिला आवारात हात दाखवायचं तेवढंच काम होतं. इथल्या मुलांनी २००७च्या सुमाराला 'प्रथम' नावाचा दहा किलोंचा उपग्रह बांधायला घेतला, घेणारे पदवी घेऊन गेले, त्यांच्या मागून आलेले गेले, त्यांच्याही मागून आलेले गेले, आणि २६ सप्टेंबर २०१६ला इस्रोनं तो श्रीहरिकोट्याहून सोडला. हे ऐकून मी सद्गदित झालो, कारण आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंगही साधारण तेवढीच वर्षं चालू आहे, चार कमिट्या आल्या आणि गेल्या, फक्त आमची गच्ची अजून सुटलेली नाही. कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती इथल्या प्रयोगशाळेत आणि टाटा मेमोरियलमध्ये मिळून उभी राहिली, एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. परदेशात ज्याला कोट्यवधी लागतात ते इथं त्याच्या कितीतरी कमी पैशांत होतं. हे सांगताना भाचीचा आवाज बदलला होता. मीही विनोद केला नाही.

पुढं डिझाइनचा विभाग लागला, आयडीसी. तिथं मात्र मी हात जोडले. २०१० साली सरकारनं रुपयाचं जे चिन्ह स्वीकारलं ते डी. उदय कुमार यांचं, आणि ते तेव्हा इथंच पीएचडी करत होते. मी उभं आयुष्य रुपयांत काढलं, पण या चिन्हाशी माझं पहिल्यापासून जमलं नाही. परिपत्रक आलं त्याच दिवशी मी हौसेनं एका व्हाउचरवर ते हातानं काढलं, काढलं ते इतकं हुबेहूब इंग्रजी सातासारखं की कॅशिअरनं शंभराचे एकाहत्तरशे वाचले. तेव्हापासून मी 'रु.' लिहितो. र. कृ. जोशीही याच विभागात शिकवत असत. संगणकावरचा 'मंगल' हा देवनागरी टाइप त्यांचा. आमच्या बँकेत हिंदी पंधरवड्याच्या सगळ्या सूचना मंगलमध्ये निघत, आणि त्या कुणीच वाचत नसे, पण दिसत मात्र सुबक.

माजी विद्यार्थ्यांची नावं मी मागितली, कारण सेक्रेटरींनी बजावलं होतं. गोव्याचे मनोहर पर्रीकर इथले धातुशास्त्राचे, नंदन नीलेकणी इथले इलेक्ट्रिकलचे, दोघंही १९७८ला बाहेर पडले. नीलेकणींनी २०२३मध्ये, इथं पाऊल टाकल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून, संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. मीही माझ्या शाळेला निवृत्तीच्या वेळी पंखा दिला होता, पात्यांवर लाल रंगात नाव घालून. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग भाचीची लॅबमध्ये काहीतरी बघायची वेळ झाली. 'या कॉरिडॉरनं सरळ जा, शेवटी डावीकडे वळ, तिथं बाकावर बस आणि बाकावरून उठू नकोस,' असं तिनं मला बजावलं. त्या लांबलचक कॉरिडॉरला मुलं 'इन्फिनिट कॉरिडॉर' म्हणतात. माझ्यासारख्या माणसाला अनंत कॉरिडॉरच्या शेवटी डावीकडे वळ म्हणून सांगणं हे तिच्या शिक्षणाला शोभलं नाही. मी बहुधा शेवटाच्या आधीच वळलो, मग आणखी एकदा वळलो, मग रस्ता लागला, झाडी लागली आणि झाडीपलीकडे तलावाचं पाणी चमकायला लागलं.

तिथं एक वृद्ध गृहस्थ उभे होते. पांढरी दाढी, खांद्याला शबनम, पायात करकरणाऱ्या कोल्हापुरी वहाणा, आणि समोर अशी नजर लावलेली की या माणसाच्या नावाचा एखादा सिद्धांत नक्की असणार. मी वहाणा काढायच्या बेतात होतो.

'नमस्कार सर,' मी म्हणालो.

'नमस्कार सर,' ते म्हणाले. एवढी विद्वत्ता आणि एवढी नम्रता!

'काय पाहताय?'

'खोली,' ते म्हणाले. 'इथनं दिसत न्हाई.'

'वरून कशी दिसेल सर? खोलीसाठी आत उतरावं लागतं.'

ते माझ्याकडे आदरानं बघायला लागले. 'आत सोडत न्हाईत ना पण.'

'बरोबरच आहे. आत मगरी आहेत.'

'आत?'

'हो. चांगल्या मोठाल्या. ऊन पडलं की बाहेर येऊन पडून राहतात.'

'आन् पोरी?' ते एकदम घाबरे झाले.

मला वाटलं, ते पोहायला जाणाऱ्या मुलींबद्दल विचारताहेत. 'पोरी सवयीच्या झाल्यात,' मी धीर दिला.

थोडा वेळ आम्ही दोघं गप्प राहिलो. मग त्यांनी विचारलं, 'आपला विषय काय म्हणायचा?' मी लेखाच्या आणि भाचीच्या नादात म्हणालो, 'गाळ.' त्यांनी दोन्ही हात जोडले. 'लई मोठं काम. आमच्याकडं तलावातला गाळ शेतात टाकल्यावर माती बघा कशी हुती.' मी डायरी काढून तेही टिपून घेतलं आणि त्यांचा विषय विचारला.

'द्राक्षं.'

'किती वर्षं करताय?'

'चाळीस झाली. अजून कळली न्हाईत.'

हे वाक्य मी डायरीत दोनदा अधोरेखित केलं. चाळीस वर्षं एका विषयाला वाहिली आणि म्हणतात, कळली नाहीत! मग ते छाटणीबद्दल बोलले, फुलोऱ्यात पाऊस आला की वर्षाची मेहनत कशी पाण्यात जाते ते बोलले, आणि प्रयोग फसला तरी हा माणूस पुन्हा उभा राहतो या विचारानं माझे डोळे भरून आले. गुरुदक्षिणा म्हणून मी पिशवीतला डबा उघडून लाडू पुढं केला. त्यांनी शबनममधून बेदाण्यांची पुडी काढली. 'घरचं हाय सर, घ्या.' चर्चा रंगत गेली. लाडू संपत गेले.

'आबा!' एकीकडून हाक आली. 'मामा!' दुसरीकडून.

एका बाजूनं त्यांची नात आली, दुसऱ्या बाजूनं माझी भाची. आबा तासगावचे द्राक्षबागाईतदार होते, नातीला भेटायला आले होते आणि झाडांमागच्या वसतिगृहात तिची खोली कुठली ते लांबून बघत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

'म्हंजी तुमी सर न्हाई?' आबा म्हणाले.

'नाही. तुम्हीही नाही?'

'मी सातवी हाय.'

आबांनी वाईट वाटून घेतलं नाही. मगरींचं मात्र त्यांनी नातीला तिथल्या तिथं विचारलं, आणि ती माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती त्यावरून तीही पुढं नक्की प्राध्यापक होईल. रिकामा डबा मी भाचीच्या हातात दिला. सोबत बेदाणे होते, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

यानंतर भाचीनं मला एकटं सोडायचं नाही असं ठरवलं, आणि इथंच तिचं चुकलं. त्या दुपारी तिच्या लॅबमधल्या एका सिनिअर मुलाचा डिफेन्स होता. पीएचडीचा प्रबंध तपासून झाला की उमेदवारानं परीक्षकांसमोर उभं राहून आपलं काम मांडायचं आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची, ही शेवटची पायरी. ऐकायला कुणीही बसू शकतं. 'मामा, तू फक्त बस,' भाची म्हणाली. 'हवं तर झोप. बोलू नकोस.'

मागच्या रांगा लॅबच्या मुलांनी भरल्या होत्या म्हणून मला पुढं बसावं लागलं. खोलीत एसी होता, दिवे मंद केले होते, पोटात आबांचे बेदाणे आणि ताईचे लाडू होते. तो मुलगा इंग्रजीत बोलत होता, पडद्यावर तक्ते सरकत होते, माझी मान खाली जात होती आणि हनुवटी छातीला लागली की झटक्यात वर येत होती. मला हे नंतर सांगितलं गेलं, पण त्या बिचाऱ्याला वाटलं की खादीच्या झब्ब्यातला हा पुढच्या रांगेतला ज्येष्ठ माणूस प्रत्येक मुद्द्याला मान डोलावतो आहे. परीक्षक गंभीर बसलेले, त्यामुळं तो सगळं माझ्याकडे बघूनच सांगायला लागला. मी जितका गाढ, तितका तो निःशंक.

शेवटी परीक्षकांचे प्रश्न संपले, दिवे लागले आणि अध्यक्षांनी विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय? त्या मुलानं मोठ्या आशेनं माझ्याकडे पाहिलं. म्हणून सगळ्यांनी पाहिलं. आणि दिवे लागल्यामुळं मी नेमका जागा झालो होतो.

बँकेच्या सभांमध्ये एक शिकवण असते, की साहेब तुमच्याकडे बघत असतील तर काहीतरी विचारा. मी उठलो, चष्मा दोरीला सोडला आणि त्या वेळी डोक्यात जे एकच इंग्रजी वाक्य होतं ते बोललो.

'हाऊ मेनी इयर्स?'

खोलीत टाचणी पडली असती तर दचकले असते लोक. तो मुलगा आवंढा गिळून म्हणाला, 'सेव्हन.' मग प्रामाणिकपणे म्हणाला, 'अँड फाइव्ह मन्थ्स.' आणि मागच्या रांगांतून असा टाळ्यांचा कडकडाट झाला की अध्यक्षांना टेबल वाजवावं लागलं. भाची दिसत नव्हती. ती बाकाखाली गेली होती.

पीएचडी करणाऱ्या माणसाला वजन विचारावं, पगार विचारावा, लग्नाचं विचारावं, पण 'किती वर्षं झाली' आणि 'कधी संपणार' हे दोन प्रश्न विचारू नयेत, हे मला बाहेर आल्यावर कळलं. शिष्यवृत्ती ठरावीक वर्षंच मिळते, संशोधन मात्र ठरावीक वर्षांत संपेल असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. यंत्र बिघडतं, नमुने वाहून जातात, काढलेला निष्कर्ष परदेशात कुणीतरी महिनाभर आधी छापून मोकळा होतो. बी.टेक.चा पोरगा चार वर्षांत बाहेर पडून पेपरात येतो. हे लोक तिथंच असतात. वसतिगृहाचे कुत्रेसुद्धा त्यांना नावानं ओळखायला लागतात.

त्या मुलाला डॉक्टर जाहीर केल्यावर तो स्वतःहून पेढा घेऊन माझ्याकडे आला. 'काका, आई रोज फोनवर हेच विचारायची,' तो म्हणाला. 'मी कधी खरं सांगितलं नाही. आज सांगून टाकलं, बरं वाटलं.' मी त्याला आशीर्वाद दिला आणि विचारणारच होतो, 'बरं, जेईईला रँक किती होती?' पण भाचीनं माझा पाय दाबला.

लेख मी मन लावून लिहिला. उपग्रह लिहिला, कार-टी लिहिली, आबांचं वाक्य लिहिलं, निम्म्याहून जास्त मुलं संशोधन करतात हे तर ठळक अक्षरात. स्मरणिका हातात आली तेव्हा सेक्रेटरींनी जागेअभावी सगळं कापून जेईईच्या आकड्यांची चौकट तेवढी ठेवली होती. उरलेल्या जागेत एका क्लासची जाहिरात होती. सोसायटीत त्या चौकटीचं फार कौतुक झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आपल्या सहावीतल्या मुलाला घेऊन मार्गदर्शनाला आल्या. मी त्याला अर्ज जपून ठेवायला सांगितलं.

भाचीचा डिफेन्स पुढं झाला. उत्तम झाला म्हणतात. ताई गेली होती, भाऊजी गेले होते, आमची ही गेली होती. तारीख मलाही कळवली होती, पण ती दुसऱ्या दिवसाची निघाली. 'टाइप करताना चुकलं असेल मामा,' असं भाची म्हणते. गाळाचे कण मायक्रॉनमध्ये मोजणारी पोरगी. तिचं तारखेत चुकेल?